रात्रपाळीला स्टन गन जवळ बाळगू द्यावी का?

गोदाकाठ: नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून रात्री सुटणाऱ्या बायकांना टॉर्चसारखी, विजेचा झटका देणारी स्टन गन बाळगू द्यावी. गोळी सुटत नाही, रक्त निघत नाही. लाठी चालते, मग हिलाच परवान्याची भानगड कशाला?

पंचवटीकर: लाठी कायद्यातून का सुटते ते बघा. आर्म्स अॅक्ट 1959 च्या कलम 2 मध्ये ती केवळ घरगुती-शेतीच्या वापराची वस्तू म्हणून वगळली आहे. हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली वस्तू मात्र शस्त्रच. खोक्यावर 'स्वसंरक्षणासाठी' छापून विक्रेत्याने तुमच्याविरुद्ध पुरावाच दिलाय! त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37(1) खाली मनाई आदेश लागू असला की काठीसुद्धा चालत नाही. शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू त्यात येते.

ओझरवाला: टेझर आणि स्टन गन एकच धरू नका. टेझर दाबलेल्या नायट्रोजनने दोन तारवाले काटे फेकतं. बंदुकीच्या व्याख्येत 'स्फोटक किंवा इतर ऊर्जेने' प्रक्षेप्य सोडणारं शस्त्र आहे, त्यामुळे माझ्या मते टेझर थेट तिथेच जातं. विमानात तर लिथियम बॅटरीवालं झटक्याचं यंत्र ना हातातल्या सामानात चालतं, ना चेक-इनमध्ये.

गोदाकाठ: कायदा जुना म्हणून बाईने मार खायचा? निदान 20 लाख व्होल्ट तरी हातात असतील.

पंचवटीकर: 20 लाख? हवेतून ठिणगी पडायला सेंटीमीटरला साधारण 30 हजार व्होल्ट लागतात. यंत्राच्या दोन टोकांत 3 सेंमी अंतर असेल तर 90 हजारांच्या आसपासच ठिणगी पडणार, बाकी जाहिरात. शिवाय टेझरचे काटे अंगावर एकमेकांपासून निदान फूटभर अंतरावर रुतले तरच स्नायू आखडतात. टॉर्चसारख्या स्टन गनची टोकं जवळजवळ असल्याने नुसती वेदना होते, तीही जाड जॅकेटवर कमी. माणूस हात धरतो, यंत्र हिसकावतो.

गोदाकाठ: मग मिरचीचा स्प्रे घ्या म्हणा ना!

ओझरवाला: तोही बिनधोक नाही. मे 2024 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने स्प्रेला धोकादायक शस्त्र मानून गुन्हा रद्द करायला नकार दिला. भारतीय न्याय संहितेचं कलम 37 सांगतं, बचावाला लागेल तेवढीच इजा. समोरचा पळायला लागल्यावर मारलेला फवारा बचाव नव्हे.

गोदाकाठ: बरं, परवाना ठेवा, पण माल टेझरसारखा हवा. टेझरचं एक्स-26 मॉडेल कळ दाबल्याची तारीख-वेळ नोंदवतं, काडतुसातून क्रमांकाच्या कागदी चकत्या उडतात. कोणी, कधी वापरलं ते कळतं. टॉर्चवाल्यात यातलं काय आहे?