मायचं गाठोडं कोणी मोजायचं?
"कुटुंबात शोषण वगैरे सिद्धांत शहरी गिरण्यांसाठी, खेड्यात एकोपा असतो" असं या चर्चेत एकाने म्हटलंय; दुसऱ्याने सगळा दोष फक्त नवऱ्यावर टाकलाय. यवतमाळकडे आमच्या वावरात या एकदा. कापूस वेचणीच्या बायांची गाठोडी संध्याकाळी काट्यावर चढतात, किलोप्रमाणे पैसे. माझी माय त्यांच्याच ओळीत, बोंडांनी बोटं तशीच ओरबाडलेली. तिचं गाठोडं मात्र न मोजताच ढिगात. घरचंच ना!

मार्क्सचा साथीदार विचारवंत एंगेल्सने १८८४ मध्ये कुटुंबाची गाठ मालमत्ता आणि वारशाशी घातली, ती इथे सातबाऱ्यावर दिसते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच वाटा दिला खरा, पण बहिणींची हक्कसोडपत्रं आजही होतातच. वर साडीचोळी.

गंमत म्हणजे सरकारला ही मजुरी ठाऊक आहे. हमीभाव ठरवताना 'ए२ अधिक एफएल' खर्च धरतात: ए२ म्हणजे प्रत्यक्ष केलेला खर्च, एफएल म्हणजे घरच्या श्रमाची धरलेली किंमत. म्हणजे मायची मजुरी कागदावर आहे. पण विक्रीची पट्टी निघते बापाच्या नावाने. बरं, बापही कुठला मालक! भाव पडला की तिच्या फुकट राबण्यावरच तो पुढचा हंगाम काढतो, आणि व्यापाऱ्याला कापूस स्वस्त पडतो. म्हणून फक्त नवऱ्याला खलनायक ठरवणाऱ्या प्रतिसादाशी मी अर्धाच सहमत.