मदत हवी: कंबरेच्या दोनच गोळ्या घेतल्या, तरी डॉक्टर ओव्हरडोस म्हणतात, कसं काय?

गोठ्यातला_रेडिओ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला आहे, सध्या बेळगावात आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर बसून टाईप करतोय. आप्पा आता बोलायलेत, बीपी वर आलाय, म्हणजे अर्जंट असं काय नाही, पण डोक्याचा पार भुगा झालाय.

आप्पा ६४ वर्षांचे. बीपीची अम्लोडिपीन बरीच वर्षं चालू. भाताच्या मळणीत कंबर धरली म्हणून डॉक्टरनी टिझानिडीन (स्नायू सैल करायची गोळी) २ एमजी रात्री एक अशी दिलेली. परवा एका जेवणावळीतनं आल्यावर जुलाब लागले, तर मेडिकलमधनं चिठ्ठी नाही काय नाही, सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० ही अँटिबायोटिक आणली नि सकाळ संध्याकाळ घेतली. काल रात्री कंबर लईच दुखायली म्हणून एकाच्या जागी दोन गोळ्या टाकल्या. तासाभरानं तोंड कोरडं पडलंय म्हणाले, संडासला म्हणून उठले ते दारातच बसले. अंग गार, घामानं भिजलेलं, हाक मारली की हूं करायचे नि परत डोळे मिटायचे. १०८ ला फोन केला पण गाडी येईस्तोवर धीर निघेना, शेजाऱ्याच्या ओम्नीत घातलं.

इथं आलो तर बीपी ७०/४०, नाडी ४२. सिस्टर एकसारखं कन्नडमधनं 'गुळगी येष्ट तगोंडार?' म्हणजे गोळ्या किती घेतल्या विचारायल्यात, मी म्हणतोय येरडु, दोनच, त्यांना पटेना, पाकीट दाखवा म्हणाल्या आणि पाकीट घरी कोनाड्यात! सलाईन जोरात सोडलं, नाडी वाढवायचं ॲट्रोपीनचं इंजेक्शन, ऑक्सिजन, छातीला मॉनिटर. पोट काय धुतलं नाही. वर एमएलसी (मेडिको-लीगल केसची नोंद) केलीय, म्हणजे पोलीस येणार. पाव्हणे आत्तापासनंच कुजबुजायलेत की म्हाताऱ्यानं मुद्दाम खाल्ल्या काय. दोन गोळ्यांत असं होतंय काय? आणि उतारा कसा काय दिला नाही?

कुंदाप्रेमी
भावा धीर धर. आमच्याकडं असं झालं की मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचे, तुम्ही घरी तेवढं करायला पाहिजे होतं.

नाईट_ड्युटी
@कुंदाप्रेमी दादा, कृपा करून हे कुणाला सांगू नका. पेंगलेल्या माणसाला उलटी काढायला लावली तर ती फुफ्फुसात जाते, आणि मीठ जास्त झालं तर त्याचंच विष होतं. दवाखान्यात नेताना डाव्या कुशीवर झोपवायचं, तोंडात काही घालायचं नाही, श्वास बघत राहायचं, एवढंच.

आता मूळ प्रश्न. मी नर्स आहे, डॉक्टर नव्हे, पण तुमची पोस्ट वाचताना सिप्रो म्हटल्याबरोबर थांबले. टिझानिडीन पोटातनं लिव्हरमध्ये गेली की पहिल्याच फेरीत बरीचशी मोडली जाते. सिप्रो ते मोडणंच अडवते, त्यामुळं रक्तात साधारण दहापट औषध पोचतं. म्हणजे ढोबळ हिशोब केला तर आप्पांच्या ४ एमजीचे ४० एमजी झाले, आणि ही गोळी दिवसभरात मिळून ३६ च्या वर देतच नाहीत. त्यात बीपीची गोळी. टिझानिडीन नि सिप्रो एकत्र द्यायच्याच नाहीत असं लिहिलेलं असतं, पण चिठ्ठीच नसेल तर ते बघणार कोण. डॉक्टरना सिप्रोबद्दल सांगितलंय ना? नसेल तर हे वाचणं सोडा नि आधी आत जाऊन सांगा.

उताऱ्याचं म्हणाल तर तो नाहीच. नॅलोक्सोन (अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा) कधीकधी देऊन बघतात, पण भरवसा नाही. श्वास, बीपी, नाडी सांभाळत औषध उतरायची वाट बघायची, सलाईननं बीपी उचलला नाही तर बीपी वाढवायचं ड्रिप, श्वास मंदावला तर व्हेंटिलेटर. पोटातलं औषध शोषून घेणारी कोळशाची पावडर साधारण पहिल्या तासातच उपयोगी आणि पेशंट नीट जागा पाहिजे, तुमचे आप्पा दोन्हीत बसत नव्हते.

टिळकवाडीचा_चहा
एमएलसीला भिऊ नका, औषधाची बाधा म्हटलं की हॉस्पिटलला ती नोंद करावीच लागते. पोलीस जबाब घेतील, जे झालं ते सांगायचं, सिप्रोसकट. आणि देव न करो पण मुद्दाम घेतल्या असत्या तरी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ कलम आहे, माणूस ताणात होता असंच धरतात, शिक्षेच्या मागं लागत नाहीत. तरी आप्पांना एकटं गाठून एकदा शांतपणे विचारा, पाव्हण्यांच्या समोर नको. गरज वाटली तर १४४१६ ला, म्हणजे सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, फोन लावा.

रानमेवा
आमच्या काकूंचं बॅक्लोफेननं झालेलं, ती पण स्नायू सैल करायचीच गोळी. त्यांची किडनी आधीच कमजोर, ती गोळी जास्त करून लघवीतनंच जाते, तर नेहमीच्या डोसनंच बेशुद्ध पडल्या, झटके आले, शेवटी डायलिसिस केल्यावर डोळे उघडले. तुमच्या गोळीत पॅरासिटामॉल पण मिसळलेलं आहे काय ते बघा, कंबरेच्या कितीतरी गोळ्यांत असतंय. ते जास्त झालं तर पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो नि लिव्हर मागनं बसतं. त्याला मात्र उतारा आहे, एनएसी (एन-ॲसिटाइलसिस्टीन), आठ तासांच्या आत दिला तर सगळ्यात चांगला, उशीर झाला तरी देतात.

गोठ्यातला_रेडिओ
सगळ्यांचे आभार. सिप्रोचं मी सांगितलंच नव्हतं हो, जुलाबाच्या गोळीचा काय संबंध असं वाटलं! आत जाऊन सांगितलं तर डॉक्टरनी कपाळाला हात लावला नि फाईलवर लाल पेनानं लिहिलं. भावानं कोनाड्यातली पाकिटं फोटो काढून पाठवली, टिझानिडीन एकटीच आहे, पॅरासिटामॉल नाही. दहातल्या तीनच गेल्यात, तोच फोटो पाव्हण्यांच्या ग्रुपवर टाकला. उद्या सकाळपर्यंत ठेवून घेणार म्हणालेत.

@नाईट_ड्युटी ताई, सिप्रो बंद झाली तर कंबरेची गोळी परत कधी चालू करायची?

नाईट_ड्युटी
ते सोडताना डॉक्टरनाच विचारा, अम्लोडिपीनचं पण. तोवर कोनाड्यातली सिप्रो उचलून ठेवा.