उसिक विरुद्ध १९६६ चा अली: कोण जिंकलं असतं?

परळचा_डावरा
काल बॉक्सिंगच्या स्पॅरिंगनंतर (सरावाच्या लढतीनंतर) सुरू झालेला वाद लोकलमध्ये दादरपर्यंत चालला. माझं म्हणणं एवढंच, की सैन्यात जायला नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये बंदी आली, त्याआधीचा मुहम्मद अली आजच्या उसिकसमोर, म्हणजे युक्रेनच्या डावखुऱ्या हेवीवेटसमोर, उभा राहिला तर उसिक गुणांवर जिंकेल. सगळे अंगावर आले. मी स्वतः डावखुरा, तेव्हा पक्षपाती म्हणा हवं तर. पण २०६ सेंटिमीटरच्या टायसन फ्यूरीला २०२४ मध्ये दोनदा हरवणं म्हणजे खायचं काम नाही. अलीला असा डावखुरा भेटलाच कुठे?

वरळीचे_काका
भेटला की! कार्ल मिल्डेनबर्गर, फ्रँकफर्ट, सप्टेंबर १९६६. बाराव्या राऊंडला रेफ्रीने लढत थांबवली, जिंकला अलीच. पण नीट बघ, अलीचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) नेहमीसारखा बसतच नाही. दोन महिन्यांनी ह्यूस्टनला उजव्या हाताच्या क्लीव्हलँड विल्यम्सला त्याने तिसऱ्या राऊंडमध्ये संपवलं. तोच अली, तेच पाय.

सगळी मारामारी पुढच्या पायाची असते रे. डावखुऱ्याचा उजवा पाय पुढे असतो, त्यामुळे तो समोर आला की दोघांचे पुढचे पाय एकमेकांत येतात. ज्याचा पाय बाहेरच्या अंगाला, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट. उसिक बारा राऊंड तेवढ्या एका पावलासाठी भांडतो. आमच्या वरळीच्या डोममध्ये २०१७ साली चीनच्या मैमैतिअलीने विजेंदरला असंच दहा राऊंड दमवलं होतं. निकाल विजेंदरच्या बाजूने लागला, पण थोडक्यात.

जॅबवाली_ठाणे
काका, वजनाचं काय? अली तेव्हा ९५ किलोंच्या आसपास, उसिक फ्यूरीसमोर १०१. शिवाय अली हात खाली ठेवून मागे झुकायचा. कूपरने १९६३ मध्ये आणि फ्रेझरने १९७१ मध्ये डाव्या हूकने पाडलंच ना त्याला?

वरळीचे_काका
ताई, ते हूक होते, बाजूने आलेले. उसिकचा डावा सरळ येतो. सरळ ठोशासमोर मागे झुकणं तरुण अलीला जमायचं, कारण मान मागे जायच्या आत पाय निघालेले असायचे. आणि डावखुऱ्यावरचं जुनं औषध त्याच्याकडे होतं, जॅब न टाकता थेट उजवा. किन्शासात पहिल्याच राऊंडला फोरमनला तेच पाजलं.

परळचा_डावरा
ते १९७४ चं झालं! आणि फोरमन कुठे डावखुरा?

वरळीचे_काका
बरं बाबा. मग माझा निकाल ऐक: आजच्यासारखे १२ राऊंड असतील तर उसिक, तेव्हासारखे १५ असतील तर अली.

जॅबवाली_ठाणे
उसिकला दमलेला पाहिलंय कोणी? फ्यूरी डळमळला आणि रेफ्रीला त्याच्यासाठी आकडे मोजावे लागले (काउंट) ते नवव्या राऊंडला, पहिल्या-दुसऱ्याला नाही. माझ्याकडून १५ लाही उसिकच.