मदत हवी आहे : १९८३ ची मर्सिडीज ३००डी, तिसरा गिअर पडताना झटका

निळाडिझेल
१९८३ ची ३००डी टर्बोडिझेल (डब्ल्यू १२३), चार गिअरची ऑटोमॅटिक, गाडी इथे न्यू जर्सीत आहे. पाय हलका असला की दुसऱ्यावरून तिसरा पडताना मागून ढकलल्यासारखा झटका बसतो. रेस जास्त दिली तर जवळपास जाणवत नाही. गिअर पडतात मात्र योग्य वेगाला. तेल आणि फिल्टर नवीन आहेत. महिनाभरापासून किल्ली बंद केल्यावर इंजिन थांबायलाही तीन-चार सेकंद लागतात. गॅरेजमधून गिअरबॉक्स उघडायचा सल्ला मिळाला आहे. त्याआधी मॉड्युलेटरची (गिअर किती जोरात पडावा हे ठरवणारा गिअरबॉक्सवरचा व्हॅक्यूमचा डबा) जुळवणीची चावी फिरवून बघू का? जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना_दहा
चावीला अजिबात हात लावू नका, आणि गिअरबॉक्स तर उघडूच नका. इंजिन उशिरा थांबतंय हीच मोठी खूण आहे, कारण इंजिन बंद करणारा व्हॉल्व्ह आणि गिअरबॉक्सचा मॉड्युलेटर एकाच व्हॅक्यूमवर (हवा खेचून तयार केलेल्या ओढीवर) चालतात.

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमध्येच व्हॅक्यूम तयार होतो. तुमच्या डिझेलला थ्रॉटल नाही, म्हणून इंजिनाच्या पुढच्या बाजूला वेगळा पंप आहे. फ्युएल पंपावरचा कंट्रोल व्हॉल्व्ह ॲक्सिलरेटरच्या दांड्यांबरोबर फिरतो आणि त्या व्हॅक्यूमला पायाच्या दाबाप्रमाणे कापतो : पाय सोडला की भरपूर, पूर्ण दाबला की शून्य. मॉड्युलेटरला व्हॅक्यूम मिळाला नाही तर गिअरबॉक्सला वाटतं इंजिन पूर्ण जोरात आहे. मग तो पट्टे आणि क्लच त्याच ताकदीने आवळतो. जास्त रेसवर ती ताकद लागतेच, म्हणून तिथे झटका कळत नाही.

गिअर योग्य वेगाला पडतात म्हणजे ॲक्सिलरेटरकडून गिअरबॉक्सला जाणारी केबल ठीक आहे. केबल ‘कधी’ ठरवते, व्हॅक्यूम ‘किती जोरात’.

गेज असलेला व्हॅक्यूमचा हातपंप आणि दोन-तीन टी-जोड (तीन तोंडांचे नळीचे जोड) घ्या. इंजिन गरम, आयडल ७०० ते ८०० आरपीएम.

१) पंपाच्या मुख्य नळीवर गेज लावा. २० इंच पाऱ्याच्या वर हवं.
२) मॉड्युलेटरची नळी काढून आत बघा. लाल तेल (गिअरबॉक्सचं) दिसलं तर आतला रबरी पडदा फाटलाय, मॉड्युलेटर बदला. कोरडा असेल तर हातपंपाने १५ इंच द्या, दोन मिनिटं काटा हलता कामा नये.
३) त्याच नळीवर टी लावून आयडलला मोजा. साधारण १० ते १५ इंच मिळायला हवेत. हाताने दांडी हळूहळू उघडा, काटा न अडखळता शून्यावर उतरला पाहिजे.
४) हातपंप थेट बंद करण्याच्या व्हॉल्व्हला लावा. इंजिन लगेच थांबलं तर व्हॉल्व्ह चांगला आहे. त्या नळीत इंजिन ऑइल आलेलं असेल तर त्याचाही पडदा गेला.

सदाफुली
वरच्यात एक भर. मॉड्युलेटरची नळी काढा, तोंड बंद करा आणि गाडी जरा फिरवून आणा. झटका आजच्याइतकाच असेल तर आजही तिथे काहीच पोचत नाहीये. मग बाजूला कुणाला तरी बसवून हातपंपाने मॉड्युलेटरला १० इंच धरून ठेवायला सांगा, आणि अगदी हलक्या पायाने चालवा. गिअर मऊ पडले तर गिअरबॉक्स निरोगी आहे. या चाचणीत रेस देऊ नका. व्हॅक्यूम असताना जोर लावला तर क्लच घसरतात आणि दोन गिअरच्या मध्ये इंजिन भसकन वर जातं. झटका नुसता त्रास देतो, घसरण मात्र क्लचच्या प्लेटा जाळते.

पेट्रोल गाडीवाल्यांसाठी (शेव्हरोलेच्या टर्बो-हायड्रामॅटिक ३५० गिअरबॉक्ससारखे) : मॉड्युलेटरचा पडदा फाटला की इंजिनच ट्रान्समिशन तेल ओढून जाळतं. जमिनीवर थेंब नाही, पातळी कमी होतेय आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर, असं असेल तर आधी ती नळी बघा.

निळाडिझेल
मोजलं. पंपावर २२ इंच. मॉड्युलेटर कोरडा, १५ इंच धरतो. पण त्याच्या नळीवर आयडलला फक्त ५. बंद करण्याच्या व्हॉल्व्हला हातपंप लावल्यावर इंजिन ताबडतोब थांबलं. आता?

पाना_दहा
म्हणजे गळती मधल्या फांद्यांमध्ये आहे. मुख्य नळीवरून छोट्या फांद्या अगदी बारीक छिद्रातून निघतात, त्यामुळे छिद्राच्या पुढची केसाएवढी गळतीसुद्धा काटा खाली आणते, आणि पंपाजवळचं गेज मात्र २२ दाखवत राहतं.

इंजिन चालू ठेवून एकेक फांदी काढा आणि तोंड गोल्फच्या टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करा. नळ्यांचे रंग उडालेले असतात, रंगावर विसंबू नका, हाताने माग काढा. ज्या फांदीला काटा वर उडी मारेल ती दोषी. सुरुवात दरवाज्यांच्या कुलपांपासून करा, तीही याच व्हॅक्यूमवर चालतात.

निळाडिझेल
कुलपांची फांदी बंद केली, लगेच १२ इंच. किल्ली बंद केली की इंजिनही थांबतं. झटका बराच कमी.

सदाफुली
सापडलं. तात्पुरती ती बंदच ठेवा, कुलपं हाताने लावा. ती यंत्रणा चार दरवाजे, डिकी आणि इंधनाचं झाकण अशी पसरलेली आहे. प्रत्येक ठिकाणच्या कुलूप ओढणाऱ्या डब्याला दोन्ही नळ्यांवरून हातपंप लावा, जो धरत नाही त्याचा पडदा गेला. चालकाच्या दरवाज्यातला व्हॉल्व्ह आणि व्हॅक्यूमची टाकीही तपासा.

इंजिनच्या बाजूचे रबरी जोड सगळेच्या सगळे बदला. प्लॅस्टिकच्या नळ्या टिकतात, रबर मात्र तेलाने फुगतं किंवा वाळून चिरतं, आणि एकेक बदलत बसलात तर पुढच्या महिन्यात दुसरा गळेल.

पाना_दहा
हे झाल्यावरच चावी. रबरी टोपी काढा, पाव फेरा फिरवा, दहा किलोमीटर चालवा, मगच पुढचा पाव फेरा. घड्याळाच्या दिशेने फिरवलं तर गिअर कडक पडतात, उलट फिरवलं तर मऊ. इंजिन भसकन वर जातंय असं एकदा जरी वाटलं तर लगेच पाव फेरा मागे आणा.