ग्रीसमध्ये शिडाच्या बोटीने फिरायचंय, मदत हवी आहे
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये आम्ही चौघं, त्यात ६८ वर्षांच्या सासूबाई, अथेन्सच्या आलिमोस मरीनातून स्किपरसकट (बोट चालवणाऱ्यासकट) शिडाची बोट आठवडाभर भाड्याने घेतोय. मन पारोस-नाक्सोस या बेटांवर आहे, पण त्या दिवसांत तिकडे मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सलग कित्येक दिवस जोरात वाहतो आणि सासूबाईंना अलिबागच्या लाँचमध्येसुद्धा मळमळतं, गेल्या वेळी मांडवा येईपर्यंत माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. मग सारोनिक आखातातली एजिना, पोरोस, हायड्रा ही बेटं बरी पडतील का? अंतरं कमी, शिवाय हायड्रावर गाड्या नाहीत, सामान खेचरावर, हे ऐकून त्या जाम खूश आहेत. ऑगस्टमध्ये कोणी गेलंय का? धक्क्याला जागा मिळायला दुपारीच पोचावं लागतं का? आणि उलटीच्या गोळीशिवाय काय उपयोगी पडलं तेही सांगा, त्यांना घरी ठेवून जायचं नाहीये.