गावच्या मातीच्या धरणावर बोटिंग आणि सेल्फी पॉइंट: होऊ द्यावं का?

शिवारकर
आमच्या गावाच्या डोक्यावर पाझर तलाव आहे, म्हणजे पाणी अडवून जमिनीत मुरवणारा. 1972 च्या दुष्काळात कामं निघाली, त्यातला. माझी आजी त्या भरावावर मातीच्या पाट्या वाहायला जायची. उंची साधारण 11 मीटर, माथ्याची लांबी तीनशे मीटरच्या आसपास, सांडवा, म्हणजे जादा पाणी वाहून जायची वाट, उजव्या अंगाला. बांधाखाली पाऊण किलोमीटरवर चाळीसेक घरांची वाडी.

मागच्या ग्रामसभेत प्रस्ताव आला: माथ्यावर पेव्हर ब्लॉक, रेलिंग, सेल्फी पॉइंट, पाण्यात पायडल बोटी, बांधावर वडापाव-मक्याचे गाळे. ठेकेदार तयार आहे, पण बोटी एप्रिलपर्यंत तरंगल्या पाहिजेत म्हणून सांडव्यावर दीड फुटाची भिंत घालून पाणी वाढवायचं म्हणतो. मी उभा राहून विरोध केला, तर "विकासाच्या आड येऊ नका" असं ऐकवलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मातीचं धरण म्हणजे बाग नव्हे. लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात 30 जून 2024 ला एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, ती दृश्यं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. तसली गर्दी आमच्या बांधावर नको. तलावाला कुंपण घालावं, गुरांना पाणी प्यायला एक वाट ठेवावी, बस.

चुलीवरची ताई
भाऊ, कळकळ कळली, पण कुंपणाचं पटलं नाही. आमच्या गावच्या तलावावर आम्ही बचत गटाच्या अकरा जणी शनिवार-रविवार पिठलं-भाकरी, ठेचा, भजी करतो. त्याआधी तिथं काय होतं? रात्री दारू पिणारे, फुटलेल्या बाटल्या. बाई माणूस संध्याकाळी त्या बाजूला जात नव्हती. लोक यायला लागले तसा उजेड आला, पाटी आली, पार्किंगच्या पैशातून ग्रामपंचायतीनं एक राखणदार ठेवला. बांधावर वाढलेल्या बाभळीसुद्धा आम्हीच आरडाओरड केल्यावर तोडल्या.

कुंपण घातलं की सगळे पाठ फिरवतात. मग बांधाला भेग पडली काय, घूस लागली काय, सांगणार कोण?

डोंगरवाट
ताईंशी सहमत. दर पावसाळ्यात धबधबे बंद, धरणं बंद, गडही बंद असे आदेश निघतात आणि पोलीस काठ्या घेऊन उभे. पाणी सगळ्यांचं आहे. शहरात दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या पोरानं वर्षातून एकदा पाण्यात पाय सोडून बसायचं नाही का?

आणि धरण फुटतं ते पर्यटकांमुळे नाही. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तिथं कुठं सेल्फी पॉइंट होता? पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं, तिथं कोण बोटी चालवत होतं? काम अर्धवट असताना पाणी साठवलं म्हणून ते गेलं. आपल्यावर बंदी घातली की खात्याची जबाबदारी संपते, हा खरा डाव आहे.

खेर्डीकर
तिवऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी त्याच तालुक्यातला. भेंदवाडीतली माणसं रात्री जेवणखाण आटपून घरात होती, तेव्हा पाणी आलं. वीसहून जास्त जीव गेले. गळती होते हे गावानं आधीच कळवलं होतं. नंतर मंत्री म्हणाले की खेकड्यांनी धरण पोखरलं. खेकडे कोकणात सगळीकडेच आहेत हो. बिळं बुजवायची कोणी, गळती बघायची कोणी, हा प्रश्न होता.

तेव्हा ताई, गावाचा डोळा धरणावर हवा हे शंभर टक्के मान्य. पण तिवऱ्याच्या लोकांनी पाहिलं होतं आणि सांगितलंही होतं. नुसती माणसं आली-गेली म्हणून धरण सांभाळलं जात नाही. भजी खायला आलेल्या माणसाला बांधाच्या पायथ्याचा ओलावा दिसत नाही, दिसला तरी त्याचा अर्थ कळत नाही.

मुरूम-माती
मी लघु पाटबंधाऱ्यात शाखा अभियंता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण इथं सगळे माणसांवर बोलतायत आणि त्या दीड फुटावर कोणीच बोललेलं नाही.

शिवारकर, बाकी सगळं सोडा, ती भिंत पहिली थांबवा. आतमध्ये काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमाचा भराव, पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग, अशी या धरणांची घडण. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बहुधा टिकतं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेलं की खालचा उतार कापत जातं आणि काही तासांत खिंडार पडतं. म्हणून सांडवा हाच त्याचा जीव. पुरात सांडव्यावरून तीन फूट उंचीनं पाणी वाहील असा हिशेब धरला असेल आणि तुम्ही त्याचा माथा दीड फुटानं उचलला, तर त्याच पातळीला तो जेमतेम एक तृतीयांश पाणी सोडतो. अर्धं नाही, एक तृतीयांश. उरलेलं तलावात चढत राहतं आणि बांधाच्या माथ्याकडे येतं. पाझर तलावाला सहसा विमोचक नसतो, म्हणजे पाणी खाली सोडायची दुसरी वाटही नाही.

आणखी एक. पाझर तलाव फेब्रुवारी-मार्चपर्यंत आटणं हेच त्याचं काम. ते पाणी जमिनीतून तुमच्या विहिरींना जातं. एप्रिलपर्यंत बोटी तरंगवायच्या असतील तर ठेकेदाराला दुसरा तलाव दाखवा.

मासेमारीचा ठेका असेल तर तेही बघा. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बांधतात. पहिल्या मोठ्या पावसात तिच्यात काटक्या, पालापाचोळा, प्लास्टिक अडकतं आणि जाळीची भिंत होते. मी अशी जाळी रात्री दोन वाजता कोयत्यानं कापून घेतली आहे.

कायद्याचा आधार शोधाल, तर 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरपेक्षा उंच धरणं येतात. 10 ते 15 मीटरमधलं धरण काही अटींत बसलं तरच, म्हणजे माथा 500 मीटर लांब किंवा साठा 10 लाख घनमीटर वगैरे. तुमचा तलाव बहुधा बाहेरच राहील. म्हणून गावानंच जागं राहायचं.

डोंगरवाट
काका, भिंतीचं पूर्ण पटलं. पण माथ्यावरून माणसं चालली तर काय बिघडतं?

मुरूम-माती
चालण्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पेव्हर ब्लॉकनं. माथा खचला, आडवी किंवा उभी भेग गेली, तर ती मातीवर दिसते. ब्लॉकखाली दिसत नाही. रेलिंगला खड्डे घेतात, त्यात पाणी मुरतं. मग ब्लॉक आहेत म्हणून गाड्या चढतात. गाळ्यांच्या खरकट्यावर उंदीर-घुशी येतात आणि त्यांची बिळं थेट भरावात जातात. माणूस चालत जाऊन चालत परत आला तर धरणाला त्याचा भार नाही.

चुलीवरची ताई
आमच्या चुली बांधावर नाहीत, पलीकडच्या माळावर आहेत, हे सांगायचं राहिलं.

पण बुडण्याचं कोणी बोललं नाही. आमच्या इथं गाळ काढायला पोकलेन लावला, तिनं कुठं चार फूट, कुठं पंधरा फूट असे खड्डे केले. पाणी भरल्यावर वरून सगळं सारखंच दिसतं. त्याच पावसाळ्यात शेजारच्या वस्तीतला नववीतला मुलगा गेला. तो पर्यटक नव्हता, म्हशी धुवायला उतरला होता. काठापासून दहा पावलांवर. त्यानंतर आम्ही बांबू रोवून लाल दोरी बांधली आणि ट्रॅक्टरच्या ट्यूबा काठावर टांगून ठेवल्या. भाऊ, तुमच्या कुंपणातून गुरांची वाट ठेवणार म्हणता, त्याच वाटेनं पोरं पाण्यात उतरणार आहेत.

खेर्डीकर
हे महत्त्वाचं आहे. गाळ काढताना तळाला काठापासून उतार ठेवायची अट ग्रामपंचायतीनं ठरावातच घालावी. बांधाच्या पायथ्याजवळ तर अजिबात खोदू देऊ नये.

शिवारकर
ताई, कुंपणाचा हट्ट मी सोडला. गुरांच्या वाटेचा विचार मी असा केलाच नव्हता.

मात्र बोटींना माझा विरोध अजून आहे. लाइफ जॅकेट कोण तपासणार, वारा सुटल्यावर बोटी कोण थांबवणार, याचं उत्तर ठेकेदाराकडे नाही. नाश्त्याचे गाळे माळावर न्यायला माझी हरकत नाही.

डोंगरवाट
बोटी नकोत हे मला मान्य नाही. दोन माणसं शिकवून गावच बोटी चालवू शकतं. भिंत न घालता, डिसेंबरपर्यंत पाणी आहे तेवढे दिवस.

मुरूम-माती
ते ग्रामसभेत भांडा. शिवारकर, मला एवढंच सांगा, बांधाच्या खालच्या अंगाला ओल आहे का? पाणी स्वच्छ येत असेल तर दर आठवड्याला मोजून वहीत लिहा. गढूळ आलं तर आतली माती वाहून येतेय, त्या दिवशी थांबू नका.

शिवारकर
आज सकाळी सरपंचांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. डाव्या टोकाला, जुन्या ओढ्याच्या जागी, करंगळीएवढी धार आहे. पाणी स्वच्छ आहे. पंधरा लिटरची बादली भरायला चार मिनिटं दहा सेकंद लागली. तारीख घालून लिहून ठेवलं. पुढच्या रविवारी पुन्हा मोजणार.