आईच्या मायक्रोवेव्हसाठी कुठली भांडी चालतील?

स्नेहा_वडगाव
आई शहापुरात एकटीच असते. गुडघ्यांमुळे गॅसपाशी फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून भावानं मायक्रोवेव्ह पाठवलाय. घरात मिठाईच्या दुकानातले प्लास्टिकचे डबे, मेलामाइनच्या प्लेटा, सोनेरी काठाचे कप आणि खानापूरची मातीची भांडी आहेत. आमटी-भात आणि अधूनमधून कुंदा, एवढंच गरम करायचं असतं. यातलं काय चालेल?

मास्तर_खानापूर
स्नेहाताई, आधी कुंद्याचं बोलतो, खरा धोका तिथंच आहे. आमटीत पाणी असतं, ती १०० अंशांच्या आसपास उकळत राहते. कुंद्यात खवा, तूप, साखर. तो त्याच्या बराच पुढं तापतो आणि दुकानातला पातळ डबा मऊ पडतो, वितळतोही. कुंदा काचेच्या वाडग्यात काढूनच गरम करायचा, तोही थोडा थोडा वेळ लावून.

डब्याच्या बुडाला त्रिकोणात ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यावर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलं असेल तर भाताला चालेल. १ आणि ६ आकड्यांचे डबे नकोतच. मेलामाइन स्वतःच तापतं, आणि गरम आंबट आमटीत त्यातली रसायनं उतरतात, त्या प्लेटा थंड खाण्यालाच ठेवा. सोनेरी काठ धातूचा असतो, ठिणग्या उडतात.

आमच्या खानापूरच्या मातीचा मला अभिमान आहे, तरी सांगतो, ती भांडी गॅसवरच वापरा. बिनझिलईची माती पाणी पिते. मायक्रोवेव्हमध्ये ते पाणी तापतं, भांडं हाताला चटका देतं, तडकतंही.

माई_टिळकवाडी
एखाद्या चिनी मातीच्या वाडग्याची शंका आली तर असं करा. तो रिकामा आत ठेवा, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी, आणि मिनिटभर लावा. पाणी गरम आणि वाडगा गार, तर वापरा. वाडगा तापला तर नको. धातूचं काही असेल तर ही परीक्षासुद्धा करू नका.

स्नेहा_वडगाव
मास्तर, माई, आभारी आहे. बोरोसिलिकेटचे, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचे, दोन वाडगे घेते. त्यांची प्लास्टिकची झाकणं लावूनच तापवायचं का?

मास्तर_खानापूर
नाही, घट्ट झाकण कधीच नको, वाफ कोंडते. वर काचेची ताटली तिरकी ठेवा. आणि आईंना सांगा, तापलेला वाडगा ओल्या कट्ट्यावर टेकवू नका, खाली जाड कोरडं फडकं घ्या. बोरोसिलिकेट असली तरी ती काचच की ओ.